सहा पंखे, चार काड्या

आलेखाच्या कागदावर मी आधी एक पेटी काढली,
मग तिच्यात बाण.
पुढून आत तीन, मागून बाहेर एक,
छतातून वर दोन –
गरम हवा वर जाते, हे पोरासोरांनाही ठाऊक.
पंखे टपालानं आले तेव्हा
खोक्यांचा मनोरा टेबलाहून उंच झाला.

वेगाचं मला वेड नाही. शांतता हवी.
माझं काम कानांचं:
दलदलीत रात्रभर ठेवलेली ध्वनियंत्रं सकाळी उचलायची
आणि आठ-आठ तासांच्या अंधारातून
एकेक पक्षी वेचायचा, तांदळातले खडे वेचावेत तसा.
जुना कॉम्प्युटर इतका घोंघावायचा
की जूनमधल्या एका रात्री
घुबड म्हणून मी त्याचीच नोंद करणार होते.

रविवारी वडील आले. उर्मास लेप्प,
टार्टूच्या सूपवस्तीत चाळीस वर्षं छपरांवर.
इथल्या गल्ल्यांना भाज्यांची नावं: वाटाणा, बटाटा, घेवडा;
आणि कोणत्या घराचं धुराडं कुठे वाकतं
हे त्यांना पत्त्याआधी आठवतं.
आता गुडघा शिडीला नाही म्हणतो.
नखांतली काजळी मात्र निवृत्त झालेली नाही.

कागद त्यांनी उलटा धरला, सुलटा धरला.
"बाण कोणी काढले?"
"मी."
"हवेला विचारलंस?"

मग खिशातून काडेपेटी.
मी किंचाळलेच – प्रोसेसर आहे तो, चूल नाही!
त्यांनी काडी पेटवली, फुंकली,
आणि विझल्या काडीचा धूर पुढच्या जाळीशी धरला,
अनोळखी मांजराला बोट हुंगायला द्यावं तसा.

धूर आत गेला.
छतातला पुढचा पंखा टपूनच होता;
ताजी हवा उंबरठा ओलांडते न ओलांडते
तोच त्यानं ती उचलून वरच्या वर बाहेर टाकली.
मागे कूलर आपल्या तांब्याच्या नळ्या घेऊन
ताटकळत, तापत राहिला.
खाली ग्राफिक्स कार्ड स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा पीत होतं.
दुसरी काडी, मागच्या फटींशी.
तिथून धूर चक्क आत शिरला,
धुळीसकट, दाराला वळसा घालून.

"ओढ फार, पुरवठा थोडा," वडील म्हणाले.
"वाटाणा गल्लीतल्या हेल्यूनं नव्या खिडक्या बसवल्या, घट्ट,
आणि मला बोलावलं, धुराडं बिघडलं म्हणून.
धुराडं ठणठणीत. खोलीत हवाच येत नव्हती,
ते बिचारं उसासा टाकणार कशाचा?"
तिसरी काडी बोलता बोलता त्यांच्या बोटापर्यंत जळली.

मी तो पंखा उतरवला.
भोकावर राय-बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवला,
वायरींची वेणी घालून ती पाठीमागे दडवली.
चौथी काडी:
धूर आत, कूलरच्या पात्यांमधून सरळ,
मागून बाहेर, आणि मग सावकाश
खिडकीतल्या कांद्याच्या पातीवर.
चार अंश उतरलं तापमान. एक पंखा कमी करून.
मी आकडा दोनदा तपासला.
वडिलांनी कॉफी मागितली.

उरलेला पंखा कोटाच्या खिशात घालून ते गेले.
आता तो त्यांच्या चुलीवरच्या फळीवर
दोऱ्यात ओवलेल्या अळंब्या वाळवतो,
माझ्या जुन्या अडॅप्टरवर.
काल फोन: "हा जरा जास्तच हळू फिरतो गं."

रात्री हेडफोन लावले.
दोन चाळीसला रुक्किर्याक,
कंगव्याच्या दात्यांवर नख ओढावं तसा, खर्र, खर्र.
आणि त्याच्या मागे, बारीक, एक सूं.
पुन्हा तेच, असं मनात येऊन मी ध्वनी थांबवला.
खोली गप्प होती.
परत चालू केला. सूं.
तो त्या रात्रीचा वारा होता, लव्हाळ्यातून जाणारा,
आणि तीन वर्षं मी त्याला
माझ्याच यंत्राचा समजून गाळत आले होते.

नोंदवहीत नवा रकाना आखला: वारा.
खाली लिहिलं – दोन चाळीस, हलका.
दिशेची जागा मोकळी ठेवली.